सभा, सोसायटी आणि पंचायत

सकाळचे आठ वाजलेत. कोथरूड, सहकारनगर, औंध, कुठलीही सोसायटी घ्या. तिसऱ्या मजल्यावरच्या दाराबाहेर दोन डबे ठेवलेले असतात, एक ओल्याचा, एक सुक्याचा. साडीवर जाकीट चढवलेली एक बाई जिना चढून येते, डबे आपल्या बादल्यांत रिकामे करते आणि पुढच्या दाराकडे वळते. खाली फाटकाशी तिची ढकलगाडी उभी असते. सगळे मजले झाले की ती गाडीजवळ बसून गाठी सोडायला लागते. दुधाची पिशवी वेगळी, पुठ्ठा वेगळा, पाण्याची बाटली वेगळी, काच वेगळी. सुक्यात भाताची शितं चिकटलेली निघतात, ओल्यात गोळ्यांची रिकामी पाकिटं निघतात. कुणी वापरलेलं सॅनिटरी पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढलेला असतो, कुणी तसंच टाकलेलं असतं. गुंडाळलेलं असेल तर हात वाचतो.

मघाशी एका दारातून आवाज आलेला असतो, ‘मावशी, उद्या गावाला चाललोय, येऊ नका.’ ‘बरं ताई.’ संवाद संपला. मावशी आणि ताई ही नात्यातली संबोधनं दोघींनाही सोयीची आहेत. त्यांच्या आडोशाला महिन्याचं शुल्क, करार, महापालिका असं सगळं झाकून जातं.

या दोघींमध्ये एक साम्य आहे आणि ते सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. ताई ज्या गृहनिर्माण संस्थेच्या सभासद आहेत, ती बहुधा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेली असते. मावशी कचरावेचकांच्या ज्या ‘स्वच्छ’च्या सभासद आहेत, तीही सहकारी संस्थाच आहे आणि तिच्याही नावाच्या शेवटी ‘मर्यादित’ हा शब्द आहे. म्हणजे त्या दारात रोज सकाळी दोन सहकारी संस्था एकमेकींसमोर उभ्या असतात. एकीच्या हातात चहाचा कप, दुसरीच्या हातात बादली.

समाजातले वर्ग कसे घडतात, हा प्रश्न निघाला की आपल्याकडे चर्चा पटकन उत्पन्नाच्या आकड्यांवर जाते. अमुक लाखांच्या वर मध्यमवर्ग, अमुक हजारांच्या खाली गरीब. शिधापत्रिकेच्या रंगावरून माणसं ओळखायची आपल्याला सवय आहे. पण उत्पन्नाचा आकडा एका माणसाचा असतो. सारख्या उत्पन्नाची हजार माणसं एका गावात राहत असली म्हणून त्यांचा वर्ग होत नाही. इंग्लंडमधल्या कामगारवर्गाच्या जडणघडणीवर ई. पी. थॉम्पसन या इतिहासकाराचा ग्रंथ १९६३ साली आला. त्याचं म्हणणं असं की वर्ग ही आयती वस्तू नाही, तो घडत जातो. माणसं एकत्र येतात, आपलं हित कशात आहे आणि कुणाच्या विरोधात आहे हे त्यांना एकमेकांच्या सोबतीनं कळू लागतं, आणि त्या कळण्यातून वर्ग आकाराला येतो.

माणसं एकत्र येतात ती कुठं? सभेत, मंडळात, संघटनेत, वाचनालयात, पतसंस्थेत. सरकार आणि घर यांच्या मधल्या या सगळ्या पसाऱ्याला अभ्यासक ‘नागरी समाज’ म्हणतात. वर्ग एकीकडे तयार होतो आणि मग नागरी समाजात येऊन बसतो, असा आपला समज असतो. पुण्याचा दीडशे वर्षांचा इतिहास पाहिला तर उलटंच दिसतं. इथं वर्ग घडला तो संस्थेत. ज्यांना संस्था काढता आली ते ‘नागरिक’ झाले. ज्यांना आली नाही, ते जनगणनेचा आकडा किंवा योजनेचे लाभार्थी होऊन राहिले.

सुरुवात पर्वतीपासून करावी लागते. पर्वती देवस्थानाच्या कारभाराबद्दल शहरातल्या प्रतिष्ठितांमध्ये नाराजी होती आणि तिच्यातूनच २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा उभी राहिली. गणेश वासुदेव जोशी या सभेमुळेच ‘सार्वजनिक काका’ झाले. पुढं न्यायमूर्ती रानडे यांनी तिला अभ्यासाची शिस्त लावली. सभेचा एक नियम आजही थक्क करतो. सभासद व्हायचं असेल तर किमान पन्नास माणसांचं मुखत्यारपत्र आणावं लागे. सुरुवातीचे ९५ सभासद मिळून सुमारे ६,००० लोकांचे प्रतिनिधी होते. मतदानाचा हक्क सोडाच, कायदेमंडळात लोकांनी निवडलेला प्रतिनिधीही नसण्याच्या त्या काळात ही केवढी मोठी कल्पना होती! सभेनं शेतकऱ्यांच्या स्थितीची पाहणी केली आणि १८७६-७७ च्या दुष्काळात गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढं मांडली.

तरीही प्रश्न उरतो. सभासद कोण होते? सरदार, इनामदार, सावकार, वकील, पेन्शनर, शिक्षक. ते शेतकऱ्यांविषयी बोलत होते, पण शेतकरी त्यांच्या बैठकीत नव्हता. सभा निघाल्यानंतर तीन वर्षांनी, २४ सप्टेंबर १८७३ रोजी, त्याच शहरात जोतीराव फुले यांनी सत्यशोधक समाज स्थापला. १८८२ साली हंटर आयोगापुढं त्यांनी हिशेबच मांडला की शिक्षणावरचा खर्च रयतेच्या करातून होतो आणि लाभ वरच्या थरांच्या पदरात पडतो. १८८५ साली रानडे यांनी ग्रंथकार सभेचं निमंत्रण धाडलं, तेव्हा फुले यांनी पत्र लिहून ते नाकारलं. त्यामागं व्यक्तिगत रुसवा नव्हता. जी सभा आमच्या प्रश्नांना जागा देत नाही, तिच्यात बसून आमचं काय होणार, हा त्यांचा सवाल होता.

त्या काळच्या पुण्यात एकाच नव्या मध्यमवर्गाचे सांधे कसे जुळत गेले, ते वर्षं लावून पाहिलं की दिसतं. १८७० सार्वजनिक सभा, १८८४ डेक्कन एज्युकेशन सोसायटी, १८८५ फर्ग्युसन कॉलेज, १९०५ भारत सेवक समाज, १९०६ डेक्कन जिमखाना. शाळा, महाविद्यालय, देशसेवा, क्रीडांगण. एका पिढीला नोकरी मिळाली, दुसरीला ओळखी मिळाल्या, तिसरीला हे सगळं आपलंच आहे असं वाटू लागलं. या संस्थांनी देशाला मोठी माणसं दिली यात वाद नाही. पण आपलं हित म्हणजे सगळ्यांचं हित, असं मानायची सवयही याच संस्थांमधून लागली.

दुसऱ्या बाजूची धडपडही संस्थेसाठीच चालली होती. शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ साली पुण्यातून ‘सोमवंशीय मित्र’ हे मासिक काढलं. पुढं ऑक्टोबर १९२९ मध्ये अस्पृश्यांनी मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह केला, तो पर्वतीवरच. ज्या देवस्थानाचा हिशेब मागताना शहराच्या नागरी समाजाचा जन्म झाला, त्याच्याच पायऱ्यांवर जवळपास ६० वर्षांनी शहराच्या निम्न स्तरातली माणसं अडवली गेली. ‘सार्वजनिक’ या शब्दात कोण कोण येतं, याचा पुण्यातला पहिला मोठा निवाडा तिथं मागितला गेला.

पेठांमधला हा मध्यमवर्ग पुढं वाड्यांमधून बाहेर पडला. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचं धरण फुटलं आणि नदीकाठचं जुनं पुणं वाहून गेलं. पूरग्रस्तांच्या वसाहतींनी शहर दक्षिणेकडं आणि पश्चिमेकडं पसरलं. त्याच सुमाराला सहकारी संस्थांचा कायदा झाला. त्याच्या आधारानं पुण्यात मध्यमवर्गाचं नवं रूप घडलं, ते म्हणजे सोसायटी. चेअरमन, सेक्रेटरी, खजिनदार, इतिवृत्ताचं रजिस्टर, गोल शिक्का. दारावरच्या पाट्यांची पुण्यात थट्टा होते, पण त्या पाटीमागं एक सत्ता असते. ‘फेरीवाल्यांना सक्त मनाई’ हे वाक्य लिहिण्याआधी कुणीतरी ठराव मांडलेला असतो, कुणीतरी अनुमोदन दिलेलं असतं.

संस्था माणसाचा वर्ग कसा पालटू शकते, याचं अगदी अलीकडचं उदाहरण हडपसरला आहे. नव्वदच्या दशकात शहर वाढत आलं, तेव्हा मगरपट्ट्यातल्या सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी जमिनी सुट्या सुट्या बिल्डरांना विकण्याऐवजी ४०० एकरांहून जास्त क्षेत्र एकत्र केलं, स्वतःची कंपनी काढली आणि ज्याची जितकी जमीन तितका त्याचा हिस्सा, असं ठरवलं. उसाच्या शेतांच्या जागी टॉवर आणि आयटी कंपन्यांच्या इमारती आल्या. शेतकरी भागधारक झाला, कंत्राटदार झाला, घरमालक झाला. एकेकट्यानं जमीन विकली असती तर पैसे आले असते आणि गेले असते, जसे ते आसपासच्या कितीतरी गावांत गेले. पण याच गोष्टीला दुसरी बाजूही आहे. हिस्सा जमिनीच्या प्रमाणात, म्हणजे सातबारावर ज्याचं नाव नाही त्याला हिस्साही नाही. मालकाच्या बांधावर राबणारा शेतमजूर या हिशेबात बसूच शकत नव्हता. संस्था काहींना वर उचलते, आणि आपल्या सभासदत्वाची रेषा कुठं आखते यावरून इतरांना खालीही ठेवते.

मग ज्यांच्याकडं सातबारा नाही, पदवी नाही, फ्लॅट नाही, त्यांनी काय केलं? त्यांनी पंचायती काढल्या.

हा शब्द नीट पाहण्यासारखा आहे. पुण्यातल्या सुशिक्षितांनी आपल्या संस्थांना सभा, मंडळ, सोसायटी, अलीकडं मंच आणि फोरम अशी नावं दिली. कष्टकऱ्यांच्या संघटना मात्र हमाल पंचायत, रिक्षा पंचायत, पथारी व्यावसायिक पंचायत, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. गावात पंचायत हा न्याय देणारा शब्द, जातीत पंचायत हा वाळीत टाकणारा शब्द. डॉ. बाबा आढाव यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो दोन्हीकडून सोडवून घेतला आणि कष्टावर नेऊन ठेवला. बाबांची हमाल पंचायत १९५० च्या दशकाच्या मध्यावर भुसार बाजारातल्या हमालांमधून उभी राहिली. त्या वेळी पाठीवर क्विंटलचं पोतं असे. हमाली, तोलाई, वाराई कुणी किती द्यायची हे व्यापारी ठरवी. हमाल गावाकडून एकटा आलेला असे. त्याची ओळख म्हणजे ‘अमक्याच्या गाळ्यावरचा’. पंचायतीनं त्याला बाजारातला एक घटक बनवलं. १९६९ साली राज्यात माथाडी कायदा झाला, त्यामागं मुंबईत अण्णासाहेब पाटील यांची आणि पुण्यात हमाल पंचायतीची वर्षानुवर्षांची लढाई होती. १९७४ साली ‘कष्टाची भाकर’ केंद्र सुरू झालं, पुढं दवाखाना, पतसंस्था आली. सार्वजनिक सभेनं आणि डेक्कन एज्युकेशन सोसायटीनं मध्यमवर्गासाठी जे केलं, तेच इथं हमालांनी स्वतःसाठी केलं. फक्त सुरुवात कॉलेजऐवजी भाकरीपासून केली.

हीच वाट घराच्या आत राबणाऱ्या बायकांनीही धरली. १९८० साली पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला. चार घरची धुणीभांडी करणारी बाई, तिला ना कारखाना, ना हजेरीपट, ना एक मालक. ती संप कसा करणार, असं तोवर सगळे समजत होते. त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली आणि सुट्टी, पगारवाढ, बोनस हे शब्द स्वयंपाकघराच्या ओट्यापर्यंत पोचले. राज्यात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा व्हायला मात्र २००८ साल उजाडलं.

पण वर्ग आणि नागरी समाज यांचं नातं सर्वांत स्पष्ट दिसतं ते कचऱ्यात. मराठवाडा, सोलापूरकडून दुष्काळानं उठलेली कुटुंबं सत्तरच्या दशकात पुण्यात आली. त्यातल्या अनेक दलित बायकांच्या वाट्याला कचराकुंडी आली. पहाटे पाठीवर पोतं टाकून निघायचं, कुंडीत उतरून कागद, काच, पत्रा वेचायचा आणि भंगारवाल्याकडं नेऊन विकायचा. पोलीस चोर समजून हटकायचे, कुत्री मागं लागायची, सोसायटीचा रखवालदार हाकलायचा. १९९० च्या सुमाराला एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ व निरंतर शिक्षण विभागातल्या कार्यकर्त्या कचरा वेचणाऱ्या मुलांना शिकवायला गेल्या आणि त्यांच्या आयांबरोबर कुंडीपर्यंत पोचल्या. त्यांना दिसलं की घराघरांतून सुका कचरा वेगळा मिळाला तर या बायकांचे कष्ट अर्ध्यावर येतील. काही सोसायट्या तयारही झाल्या. तेवढ्यात त्याच भागात कुणी उद्योजक गाडी घेऊन तोच कचरा उचलायला आला. बायका रस्त्यावर उतरल्या. मे १९९३ मध्ये त्यांची परिषद भरली, बाबा आढाव अध्यक्ष झाले आणि कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत जन्माला आली.

तिची पहिली मोठी मागणी काय होती? पैसे नव्हे. ओळखपत्र. पंचायतीच्या ओळखपत्रावर पुणे महापालिकेनं नव्वदच्या दशकाच्या मध्यावर आपली मोहोर उमटवली. बाहेरच्याला तो प्लॅस्टिकमध्ये घातलेला कागद वाटेल. पण पोलीस ‘कोण गं तू?’ म्हणून विचारतो तेव्हा पुढं करायला काहीतरी असणं, हा नागरिकत्वाचा पहिला घास असतो. १८७० च्या सभासदाकडं पन्नास जणांचं मुखत्यारपत्र होतं, या बाईकडं शिक्क्याचं ओळखपत्र आलं.

दुसरं पाऊल हिशेबाचं. २००१ साली झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं की एकेक कचरावेचक महिन्याला सुमारे २४६ रुपयांचं काम महापालिकेसाठी फुकट करते, कारण ती जितका कचरा उचलते तितका वाहून न्यायचा खर्च पालिकेचा वाचतो. रयतेच्या कराचा हिशेब मांडणारे फुले आणि वाचलेल्या वाहतूकखर्चाचा हिशेब मांडणारी ही पंचायत यांची रीत एकच आहे. याच हिशेबाच्या बळावर २००२-०३ पासून महापालिकेनं या बायकांच्या आरोग्यविम्याचा हप्ता भरायला सुरुवात केली. मग ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांच्या मालकीची सहकारी संस्था स्थापन झाली आणि २००८ साली तिनं महापालिकेशी करार केला. घरोघरचा कचरा सभासद उचलणार, त्याबद्दल प्रत्येक घर महिन्याचं ठरलेलं शुल्क देणार, विकण्याजोगा माल तिचा. आज या संस्थेचे साडेतीन हजारांहून अधिक सभासद आहेत. कुंडीतल्या कचऱ्यावर जगणारी बाई दारातल्या कचऱ्यावर हक्क सांगू लागली.

राज्यशास्त्राचे अभ्यासक पार्थ चटर्जी यांनी वीसेक वर्षांपूर्वी मांडणी केली की भारतात नागरी समाज हा मूठभर सुशिक्षितांचा असतो. बाकीची बहुसंख्य जनता ‘राजकीय समाजात’ राहते. ती कायद्यानं नव्हे, नगरसेवक आणि मतांच्या हिशेबानं आपलं काम काढून घेते. झोपडपट्टीतला नळ, हातगाडीची जागा, पत्र्याचं शेड, सगळं ‘भाऊंच्या’ कृपेनं. पुण्यात हे खोटं नाही. पण पुण्याच्या पंचायतींनी या मांडणीत तिसरा रकाना जोडला आहे. त्या मोर्चाही काढतात आणि ताळेबंदही ठेवतात. नगरसेवकाकडंही जातात आणि न्यायालयातही. नागरी समाजाची सगळी अवजारं त्यांनी उचलली, म्हणजे नोंदणी, घटना, वार्षिक सभा, अहवाल, पण त्यासाठी मध्यमवर्ग व्हावं लागलं नाही.

दूर कोलंबियात, बोगोता शहरात, कचरावेचकांच्या संघटनांनी हीच लढाई न्यायालयात नेली. तिथल्या घटनात्मक न्यायालयानं २००३ आणि २०११ साली त्यांच्या बाजूनं आदेश दिले आणि २०१३ पासून शहर त्यांना वजनावर मोबदला देऊ लागलं. फरक मोठा आहे. तिथं शहर पैसे देतं, इथं घर देतं. त्यामुळं पुण्यातल्या कचरावेचकाचा पगार दर महिन्याला दारोदार गोळा होतो. कुणी देतं, कुणी ‘पुढच्या महिन्यात एकदम’ म्हणतं, कुणी ‘आम्ही मिळकतकर भरतो, परत वेगळे पैसे कशाला?’ असा वाद घालतं. हजार रुपयांचा पिझ्झा मागवणारं घर शंभराच्या आतल्या शुल्कावर घासाघीस करतं, हे दृश्य कुठल्याही मावशीला विचारून खात्री करून घेता येईल.

तरीही मध्यमवर्गाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करून थांबणं अन्यायाचं होईल. २०२० च्या अखेरीला ‘स्वच्छ’च्या कराराची मुदत संपली. त्याआधीच्या टाळेबंदीत याच बायका रोज दारोदार जात होत्या. मुदत संपल्यावर पुढचे महिने तुकड्या-तुकड्यांनी मुदतवाढ मिळत गेली आणि हे काम खासगी कंत्राटदाराकडं द्यावं अशी हालचालही झाली. तेव्हा अनेक सोसायट्यांमधल्या रहिवाशांनी ‘आमच्या कचरावेचकाच बऱ्या’ म्हणून आवाज उठवला. लाल ठिपक्याची मोहीम ज्या घरांनी मनावर घेतली, तीही मध्यमवर्गीयच. दोन वर्ग एकमेकांसमोर आले म्हणजे संघर्षच होतो असं नाही. दोघांच्याही मागं संस्था असेल तर करार होऊ शकतो. एकाच्याच मागं असेल तर फक्त दया होऊ शकते किंवा हकालपट्टी.

अडचण हीच आहे की आजच्या पुण्यात संस्थांचं पारडं वेगानं एकीकडं झुकतं आहे. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढं दीर्घ काळ शहराचा कारभार प्रशासकानं पाहिला. त्या काळात वेताळ टेकडीवरचा रस्ता, नदीकाठ सुधारणा प्रकल्प अशा प्रश्नांवर नागरिकांच्या मंचांनी जोरदार लढा दिला. २०२३ साली टेकडीसाठी मोठी फेरी निघाली. त्यांच्या मागण्या पुष्कळशा रास्त होत्या. पण प्रशासकाची भेट मागायला लेटरहेड लागतं, हरकत नोंदवायला संगणक लागतो, सादरीकरण करायला दुपारी मोकळा वेळ लागतो. जनता वसाहतीसारख्या झोपडपट्टीतल्या माणसासाठी नगरसेवक हेच लेटरहेड होतं, आणि तेच तेवढ्या काळापुरतं नाहीसं झालं. वेताळ टेकडी ज्यांना सकाळी फिरायला हवी, त्यांच्याकडं मंच आहे. पर्वतीच्या उतारावर ज्यांची घरं आहेत, त्यांच्याकडं दरड कोसळायची भीती आहे. टेकडी हा दोघांचाही प्रश्न असताना ते एका व्यासपीठावर क्वचितच दिसतात.

याहून बिकट अवस्था नव्या कष्टकऱ्यांची आहे. सोसायटीच्या फाटकावर बारा-बारा तास उभा राहणारा सुरक्षारक्षक कुठल्यातरी एजन्सीचा. जेवणाचे डबे घेऊन धावणारा पोरगा एका ॲपचा, तो स्वतःला ‘पार्टनर’ म्हणवतो, पण भागीदारीचा कागद त्यानं कधी पाहिलेला नसतो. फाटकावरच्या ॲपमध्ये मोलकरणीची येण्याजाण्याची वेळ नोंदली जाते, आणि काही ॲपवर तर तिला तारेही देता येतात. तिनं ताईंना तारे द्यायची सोय मात्र कुणी केलेली नाही. राजस्थाननं २०२३ साली ॲपवर काम करणाऱ्यांसाठी देशातला पहिला कायदा केला. महाराष्ट्रात माथाडी कायदा पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी झाला, तो मालक सापडत नाही अशा कामगारांसाठीच. पोतं पाठीवरून दुचाकीच्या पेटीत आलं, एवढाच काय तो फरक. पण त्यांची पंचायत अजून उभी राहिलेली नाही, म्हणून हजारो माणसं रोज शहरभर फिरत असूनही त्यांचा वर्ग झालेला नाही.

पंचायतीही आपापल्या सभासदांचंच हित पाहतात, नव्यानं आलेल्या परप्रांतीय भंगारवेचकाला त्यांच्यात चटकन जागा मिळत नाही, असा आक्षेप कुणी घेईल. तो चुकीचा नाही. सभासदत्वाची रेषा प्रत्येक संस्था आखते, सार्वजनिक सभेनं आखली तशीच. म्हणूनच एका संस्थेवर शहर चालत नाही. एका सभेला उत्तर द्यायला दुसरी लागते आणि दोघींना एकमेकींच्या बैठकीत बसायची वेळ यावी लागते.

अशी एक बैठक दरवर्षी ठरलेली असते. कायद्यानुसार ३० सप्टेंबरपर्यंत प्रत्येक सहकारी गृहनिर्माण संस्थेला वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. पार्किंगमध्ये सतरंज्या आणि प्लॅस्टिकच्या खुर्च्या येतात. मागील इतिवृत्त कायम करणे, ताळेबंद मंजूर करणे, टँकरचा खर्च, लिफ्टची दुरुस्ती, चारचाकीच्या जागेवरून दोन मजल्यांमधलं भांडण. शेवटी ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’. पुण्यातल्या सोसायट्यांनी या सप्टेंबरमध्ये त्या आयत्या वेळच्या विषयांत कचऱ्याचा विषय घ्यावा, आणि तो मांडायला ‘स्वच्छ’च्या सभासदाला खुर्ची देऊन बोलवावं. शुल्क किती, वेळेवर का मिळत नाही, गाठी कुणाच्या घट्ट असतात, पावसाळ्यात वर्गीकरणाला पार्किंगचा कोपरा मिळेल का, हे तिच्या तोंडून ऐकावं आणि इतिवृत्तात नोंदवून घ्यावं. दुसऱ्या संस्थेच्या सभासदाला आपल्या सभेला बोलवायला कुठलाही कायदा आड येत नाही.

सभा संपली की वेफर्स, सामोसा आणि चहा होतो. कागदी कप, चटणीनं माखलेल्या प्लेटा, अर्धवट सामोसे एकाच काळ्या पिशवीत कोंबले जातात आणि पिशवीला घट्ट गाठ मारून ती फाटकाशी ठेवली जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता ती गाठ कोण सोडणार आहे, हे त्या सभेतल्या प्रत्येकाला ठाऊक असतं.